नंतरचं पत्र खरं

आमदार निवडणुकीत पडले याचं वहिनींना फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते, ते घरी आले याचं.

पस्तीस वर्षं, सात निवडणुका, ते घरी असे आलेच नव्हते. यायचे ते पाहुण्यासारखे. पुढे एक गाडी, मागे एक गाडी, मध्ये हे. ओट्यावर चहा, दहा माणसांशी दहा गोष्टी, आणि "अगं, येतो" म्हणून पुन्हा धुरळा. धुरळा खाली बसला की वहिनी फावडं खांद्यावर टाकून शेतात जात. आता धुरळा कायमचा खाली बसून दोन महिने झाले होते आणि त्यातला माणूस ओट्यावरच उरला होता.

साऱ्या मतदारसंघाच्या त्या वहिनी. सख्खा दीर एकही नव्हता, पण दोन लाख माणसं त्यांना वहिनी म्हणत. त्यांतलं एकही कधी गवत काढायला आलं नव्हतं. शेतात त्या आणि सून. मुलगा ट्रक चालवायचा, महिन्यातून दोनदा दिसायचा.

यंदा धरणच अर्धं भरलं होतं. कालव्याला एरवी पाच वेळा पाणी सुटायचं, यंदा तीनदा सुटणार असं ठरलं, आणि त्यांतलं तिसरं या गुरुवारी. प्रत्येकाला पाण्याची पाळी लावून दिलेली. वहिनींच्या शेताला सकाळी सहा ते दुपारी बारा. गहू ओंबीवर आला होता, दाण्यात नुकतं दूध भरत होतं. हे एक पाणी मिळालं तर वर्षाचं धान्य आणि पुढचं बियाणं घरात. नाही मिळालं तर दाणा चिमणार, आणि चिमलेला दाणा पाखरंसुद्धा दुसऱ्यांदा उचलत नाहीत.

सोमवारी त्या वाफ्यांतलं गवत काढत असताना बांधावर पाटकरी येऊन उभा राहिला. कालव्याची दारं उघडणं, लावणं आणि शिव्या खाणं हे त्याचं काम. नोकरी त्याला आमदारांनीच लावलेली, त्यामुळे या घरी तो शिव्या अदबीने खायचा.

"वहिनी, गुरुवारी तुमचं दार उघडायचं ना?"

"मग कुणाचं उघडतोस?"

"तेच विचारायला आलो." त्याने टोपीच्या आतून दोन कागद काढले. दोन्हींवर वर छापलेलं नाव, खाली ओळखीची सही. एक लोहाराला दिलेलं, रविवार, सकाळी आठ वाजून दहा मिनिटं: 'पत्रवाहकास माझ्या गुरुवारच्या पाळीचे पाणी द्यावे.' दुसरं मास्तरांना दिलेलं, रविवार, आठ पंचवीस. मजकूर तोच, पूर्णविरामासकट.

वहिनींनी दोन्ही वाचली. हाताची माती कागदाला लागली.

"आणि गव्हाचं काय?"

"गव्हाचं पत्र नाही आलं," पाटकरी म्हणाला. थट्टा करत नव्हता बिचारा.

"अरे, शेत मी करते!"

"ते सगळ्यांना माहीत आहे, वहिनी. पण कागदावर जमीन साहेबांची. ज्याची जमीन त्याचं पाणी, आणि तो ज्याला लिहून देईल त्याचं."

"दोघांना लिहून दिलंय."

"दोन आली तर नंतरचं पत्र खरं. साहेबांनीच घालून दिलेली पद्धत आहे."

हे मात्र बरोबर होतं. एकच बदली तिघांना, शाळेतली एकच जागा चौघांना द्यायच्या शिफारशी निघायला लागल्या, तेव्हा कचेऱ्यांतली माणसं रडकुंडीला आली. त्यांची सोय म्हणून आमदारांनी सहीखाली तारखेबरोबर वेळही घालायला सुरुवात केली. कुणाला नाही म्हणण्यापेक्षा घड्याळात बघणं सोपं.

दुपारी जेवताना वहिनींनी विषय काढला.

"अहो, गुरुवारचं पाणी तुम्ही वाटून टाकलंत."

"लोहाराची कोबी वाळतेय गं. आणि मास्तरांची लिंबाची रोपं."

"आणि आपला गहू?"

आमदारांनी घास हातात धरून खरोखर विचार केला. "होईल," ते म्हणाले.

हे 'होईल' वहिनींना लग्नापासून पाठ होतं. आमदार होण्याआधी त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. सायकल घेऊन गेलं की आतून आवाज यायचा, "ठेवून जा, होईल." सायकल व्हायची नाही, पण माणूस खूश होऊन पायी घरी जायचा. त्या वेळचे जे आमदार होते ते सडेतोड. जमणार नाही ते तोंडावर जमणार नाही म्हणायचे. लोकांनी पाच वर्षं ते सोसलं आणि मग सायकलवाल्याला निवडून दिलं. दुकान बंद झालं तेव्हा आत अकरा सायकली होत्या. वहिनींनी त्या एकेक करून घरपोच केल्या, ढकलत.

पुढे सभागृहात त्यांनी पस्तीस वर्षांत एकाही ठरावाला विरोध केला नाही. बाजूने हात वर करा म्हटलं की यांचा हात वर. विरोधातले हात वर करा म्हटलं की शेजारच्याला एकटं वाटू नये म्हणून पुन्हा वर. पक्ष तीन बदलले. लोक म्हणत, काहीतरी मिळालं असेल. मिळालं काही नव्हतं. बोलावणं आलं, नाही म्हणता आलं नाही. मंत्रिपद चार वेळा दारापर्यंत आलं आणि चारही वेळा कुणीतरी "साहेब, मला राहू द्या ना" म्हटलं. आणि ही आठवी निवडणूक. समोरचा उमेदवारच एके सकाळी ओट्यावर येऊन बसला. "साहेब, यंदा मला मदत करा," म्हणाला. आमदारांनी लेटरहेड ओढून लिहिलं, 'पत्रवाहकास सहकार्य करावे.' त्याने त्याच्या तीस हजार प्रती वाटल्या. आमदार चारशे बारा मतांनी पडले. त्यांतलं एक मत खुद्द त्यांचंच असावं, असा वहिनींना दाट संशय होता.

मंगळवारी ते शेतात आले. आपण होऊन आले. सकाळी वहिनी चहाची कपबशी जरा जोरात ठेवून गेल्या होत्या, त्याचा परिणाम. जाकीट, पॉलिश केलेले बूट, वरच्या खिशात तीन पेनं. वाफ्यांचे बांध उंदरांनी पोखरले होते, ते पाणी यायच्या आत लिंपायला हवे होते. सुनेने त्यांच्या हातात फावडं दिलं.

आमदारांनी फावडं दोन्ही हातांनी नीट धरलं, वाकले, एक घाव घातला आणि मान वर करून थांबले. पस्तीस वर्षांत त्यांनी पाचशे कामांचा शुभारंभ केला होता, आणि प्रत्येक वेळी पहिल्या घावानंतर टाळ्या झाल्या होत्या. इथे एक कावळा ओरडला. आमदारांनी आणखी थोडं थांबून फावडं अदबीने सुनेच्या हातात परत दिलं, पुढच्या मान्यवराला द्यावं तसं.

"बाबा, अजून एकोणचाळीस वाफे आहेत," सून म्हणाली.

"होतील," आमदार म्हणाले.

तरी दुपारपर्यंत त्यांनी तीन वाफे केले आणि तळहाताला तीन फोड आणले. तेवढ्यात वाटेने जाणाऱ्या कुणीतरी "साहेब, तुमचा फवारणीचा पंप मोकळा आहे का?" विचारलं, आणि वहिनी दुसऱ्या टोकाहून हात हलवीपर्यंत पंप बांध ओलांडून गेलासुद्धा.

"आई," सून हळूच म्हणाली, "बाबांना घरीच राहू दे ना. ते आले की कमी होतं सगळं."

संध्याकाळी वहिनींनी पाण्याचं पुन्हा काढलं. "बघतो," आमदार म्हणाले. झोपायच्या आधी तिसऱ्यांदा काढलं. "त्यांना काय वाटेल गं?" म्हणाले, आणि कूस बदलली.

वहिनी जाग्याच होत्या. त्यांच्या लक्षात आलं, हा माणूस तोंडी सांगितलेलं काम करतच नाही. कधीच केलेलं नाही. हा फक्त ओट्यावर, समोर ठेवलेल्या कागदावर सही करतो. तिथे मात्र आजवर कुणीही रिकाम्या हाताने परत गेलेलं नाही. हे एवढं साधं कळायला आपल्याला पस्तीस वर्षं लागावीत, याचा त्यांना नवऱ्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

बुधवारी त्यांनी सुनेकडून अर्ज लिहून घेतला आणि ओट्यासमोरच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

निवडणूक हरली तरी रांग हरली नव्हती. लोकांच्या पायांना सवय होती. कुणाला भाचीच्या प्रवेशासाठी पत्र हवं होतं, कुणाला जावयाच्या बदलीसाठी, कुणाला नुसतीच शिडी. वहिनींना रांगेत बघून लोक गडबडले.

"वहिनी, तुम्ही कशाला? जा ना थेट आत."

"नको. तुम्ही व्हा पुढे."

त्यांना पुढे जायचंच नव्हतं, त्यांना शेवटचं व्हायचं होतं. आपल्यामागून आलेल्या कुणी पाण्याचं पत्र नेलं तर आपलं बाद. म्हणून एकेकाला पुढे घालत त्या मागे सरकत राहिल्या. शेवट जवळ आला असं वाटे, तोवर फाटक वाजे आणि आणखी कुणीतरी येई. पुन्हा "तुम्ही व्हा पुढे". पोटऱ्या भरून आल्या. शेतातला पाट साफ करायचा राहिला होता, तो तिकडे सून एकटी ओढत होती. आणि आपण इथे आपल्याच घरासमोर आपल्याच नवऱ्याला भेटायला उभ्या! दुपारी स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला. वहिनी हलल्या नाहीत.

पाच वाजता ओटा रिकामा झाला. आमदार पेनाला टोपण लावणार तोच समोर अर्ज आला.

"बसा, बसा," ते वर न बघता म्हणाले. "काय काम काढलंत? अर्जदार कोण?"

"मी."

आमदारांनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं! तुला कशाला अर्ज? घरातल्या घरात सांगायचं की."

"तीनदा सांगितलं."

"मग मी काय म्हणालो?"

"होईल म्हणालात."

"मग?"

"म्हणूनच अर्ज."

आमदारांनी अर्ज वाचला. लोहार आणि मास्तर यांची आठवण त्यांच्या कपाळावर उमटून गेली. पण समोर अर्जदार उभा होता, आणि समोरच्या अर्जदाराला रिकाम्या हाताने पाठवणं त्यांच्याच्याने आजवर झालं नव्हतं. त्यांनी लेटरहेड ओढलं. 'पत्रवाहक यांस माझ्या गुरुवारच्या पाळीचे पाणी द्यावे.' सही. बुधवार, पाच वाजून दहा मिनिटं.

"आणखी काही सेवा?" त्यांनी सवयीने विचारलं.

"टोपण लावा पेनाला."

वहिनी कागद घेऊन तशाच कालव्यावरच्या खोलीवर गेल्या. पाटकऱ्याने पत्र वाचलं, वेळ पाहिली, मान डोलावली. "झालं. पाणी तुमचं." मग त्याने कान खाजवला. "फक्त, उद्या बाराच्या आत साहेबांनी आणखी एक लिहिलं तर..."

"तर?"

"नंतरचं खरं."

गुरुवारी उजाडताच त्यांनी नवऱ्याला उठवलं.

"चला."

"कुठे?"

"कामाचा शुभारंभ आहे."

आमदार दहा मिनिटांत जाकीट घालून तयार.

कालव्यातून निघालेली चारी वहिनींच्या शेताला लागून जायची. चारीत आडवी फळी लावली की पाणी तुंबायचं आणि शेताच्या दारातून आत वळायचं. फळी धरून ठेवणाऱ्या लोखंडी खाचा नऊ वर्षांपूर्वी गंजून गळाल्या होत्या. नव्या मंजूर होणार होत्या. तोवर वहिनी फळीला दोन मोठे दगड लावायच्या. दगड आताही काठावरच पडले होते. वहिनींनी दगडांकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या खिशातल्या तीन पेनांकडे पाहिलं.

"अहो, उतरा चारीत."

"मी?"

"फळी धरायचीय."

"जाकीट काढतो."

"राहू द्या. गार लागेल."

आमदार बुटांसकट उतरले. चारी कमरेइतकी खोल होती. फळीला पाठ लावून त्यांनी दोन्ही हात दोन्ही बाजूंना पसरले आणि फळीची टोकं धरली. पाटकऱ्याने वरचं दार उचललं. पाणी आलं, फळीला धडकलं, फटींतून आमदारांना कमरेपर्यंत भिजवून गेलं, आमदार "हं" म्हणाले, आणि पाणी मुकाट्याने शेताकडे वळलं.

मग वहिनींना इकडे तिकडे बघायला वेळ नव्हता. एक वाफा भरला की त्याचं तोंड मातीने बुजवायचं, पुढच्याचं फोडायचं. वहिनी फोडणार, सून बुजवणार. भेगाळलेली जमीन गटागटा पाणी प्यायची, बुडबुडे यायचे, आणि मगच पाणी वर तरंगून पुढे सरकायचं. चिखल पोटऱ्यांवर चढला. कंबरेत कळ आली, ती नेहमीच्या जागी येऊन बसली. दहा वाफे झाले. अठरा झाले. ओंब्या भिजल्या नव्हत्या, पण वाऱ्याने हलताना त्यांचा आवाज बदलल्यासारखा वाटला. कदाचित नुसताच वाटला असेल.

दहाच्या सुमाराला काठावर लोहार आला, खांद्यावर फावडं, हातात पत्र. मागोमाग मास्तर आले, डोक्यावर छत्री, हातात पत्र. पाटकऱ्याने दोघांना बुधवारचं पत्र दाखवलं. मास्तरांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. लोहार चारीच्या काठावर आमदारांच्या डोक्यापाशी उकिडवा बसला.

"साहेब, रविवारी दिलंत, बुधवारी काढलंत. आता परत लिहा."

"होईल," आमदार दात वाजवत म्हणाले. "हात मोकळे झाले की लगेच लिहितो."

"कधी मोकळे होणार?"

"पाणी बंद झालं की."

लोहाराने यावर विचार केला. "पाणी बंद झाल्यावर पाण्याचं पत्र घेऊन मी काय करू?"

"ते बघू."

"या खाचा मी एका दिवसात ठोकून दिल्या असत्या, साहेब. मंजुरी आणतो म्हणाला होतात. नऊ वर्षं झाली."

"येईल."

"तुम्ही बुडत असलात तरी असंच म्हणाल!" लोहार ओरडला, आणि ओरडून झाल्यावर त्याचं त्यालाच कसनुसं झालं. तो गेला नाही. बांधावर बसून राहिला. सोबत कोबीचं एक पान आणलं होतं, दाखवायला. ते बोटांत धरून होता. पान चिंधीसारखं लोंबत होतं.

वहिनींना तो दिसत होता. मान उचलली की दिसत होता. दिसू नये म्हणून त्यांनी पाठ केली, तर सून म्हणाली, "आई, लोहारकाका अजून बसलेत."

"बसू दे. मी बसवलंय का?"

"कोबीचे गड्डे धरायला लागलेत म्हणे त्यांचे."

"तू बुजव तो वाफा!"

अकरा वाजून गेले. छत्तीस वाफे झाले होते. उरलेले चार चारीच्या अंगाला होते. त्यांना बाजूने थोडी ओल मिळायची, पण थोडीच. वहिनींनी त्या चार वाफ्यांवरून नजर फिरवली. तिथला दाणा बारीक राहणार, हे त्यांना दाण्याकडे न बघता सांगता आलं असतं. मग त्या फावडं ओढत काठावर आल्या, चिडलेल्याच.

"लोहारदादा, उठा. शेवटचा अर्धा तास तुमचा. माझे चार वाफे कोरडे राहतील, राहू देत. फळी निघाली की पाणी थेट खाली येईल. जा, दार मोकळं करा तुमचं."

लोहाराने आमदारांकडे पाहिलं. "आणि पत्र?"

"पत्र कसलं? मी सांगतेय."

लोहाराने पाटकऱ्याकडे पाहिलं. पाटकऱ्याने पत्राकडे पाहिलं. "पाणी वहिनींचं," तो म्हणाला. "त्या देतील त्याचं." लोहार फावडं घेऊन पळत सुटला. साठीचा माणूस, पण पळाला.

मास्तर छत्रीखाली तसेच उभे होते. "आणि माझं, वहिनी?"

"मास्तर, तुम्हाला नाही."

चारीत आमदारांनी डोळे मिटून घेतले, आपल्यालाच कुणी मारल्यासारखे.

"तुमची वीस रोपं आहेत," वहिनी म्हणाल्या. "घरामागे विहीर आहे. बादलीने घाला."

"म्हणजे मिळणार नाही?"

"नाही."

"उद्या, परवा..."

"उद्या नाही, परवा नाही."

मास्तरांनी पत्राची घडी केली, पुन्हा एक घडी केली आणि खिशात ठेवली. रागावले असावेत असं वाटत होतं, पण चेहरा तसा दिसेना.

"वहिनी, निवृत्तीच्या कागदांसाठी मी या घरी सहा वर्षं आलो," ते म्हणाले. "रस्त्यावरच्या दिव्यासाठी चार. या लिंबांसाठी पुन्हा रविवारी. दरवेळी वाटतं, थोडं थांबावं, होईलसं दिसतंय." त्यांनी छत्री खांद्यावर टेकवली. "आज पहिल्यांदा कळलं, घरी केव्हा जायचं ते." आणि ते निघाले. बांधावरून बऱ्यापैकी भराभर चालले.

"सोडा फळी!" वहिनींनी हाक दिली.

आमदारांची बोटं उघडेनात. पाटकऱ्याने ती एकेक करून सोडवली. फळी उलटली, तुंबलेलं पाणी धावत खाली लोहाराकडे गेलं. त्याने आणि वहिनींनी काखेत हात घालून आमदारांना वर ओढलं आणि बांधावर बसवलं. पाय बधिर झालेले, ओठ निळे, बुटांतून पाणी. सुनेने आपला डोक्याचा रुमाल त्यांच्या खांद्यांवर टाकला.

साडेपाच तास ते एका जागी उभे राहिले होते आणि छत्तीस वाफे भरले होते. वहिनींना हे त्यांना सांगावंसं वाटलं. पण आमदारांचं शेताकडे लक्षच नव्हतं. ते मान लांब करून वाटेकडे बघत होते. तिथे दूरवर छत्री दिसेनाशी होत होती.

"मास्तर नाराज झाले का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "जेवायला गेले."